रोबोटच्या सरावासाठी घरी केलेले चेंडू: नक्कल कुठवर चालते?

इंद्रायणीकाठ (चिंचवड)

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेतल्या दहा जणांनी यंदा फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेसाठी टीम केली आहे. पालकांपैकी मी आणि आणखी एक बाबा मुलांसोबत बसतो. मी रसायनशास्त्र शिकलेली. करवत-कानस हाताळायची सवय नाही, म्हणून इथे विचारते आहे.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: यंदाच्या (२०२५-२६) खेळाचं नाव 'डिकोड'. १२ फूट बाय १२ फुटांचं मैदान, खाली फोमच्या टाइल्स. एकूण ३६ चेंडू, २४ जांभळे आणि १२ हिरवे. व्यास साधारण ५ इंच, वजन ७५ ग्रॅमच्या आसपास, आतून पोकळ, अंगभर भोकं, प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन. रोबोटने एका वेळी जास्तीत जास्त तीन चेंडू घ्यायचे आणि गोलमध्ये फेकायचे. आत गेलेले चेंडू उतारावर ओळीने बसतात आणि रंगांचा क्रम जुळला की जादा गुण. पहिले ३० सेकंद रोबोट स्वतः खेळतो, नंतरची २ मिनिटं मुलं चालवतात.

आमच्याकडे खरे चेंडू सहाच आहेत. बाहेरून मागवायचे तर चेंडूंपेक्षा कुरिअर आणि कस्टमचाच खर्च जास्त. म्हणून रविवार पेठेतून लहान मुलांचे हवा भरायचे चेंडू आणले, बरोबर ५ इंचांपर्यंत फुगवले, जांभळे-हिरवे रंगवले. खरे सहा चेंडू मुलांनी जपून कपाटात ठेवले आणि तीन आठवडे शूटर (रोबोटचा चेंडू फेकणारा भाग) या नकली चेंडूंवर बसवला. दहापैकी नऊ चेंडू गोलमध्ये जायला लागले.

मग दुसऱ्या एका टीमच्या मैदानावर सरावाला गेलो. तिथे सगळे चेंडू खरे. आमचा एकेक चेंडू गोलच्या कडेला लागून खाली पडत होता. घरी आल्यावर मुलीने वहीतलं तीन आठवड्यांचं आरपीएमचं (शूटरच्या चाकाच्या मिनिटाला किती फेऱ्या, त्याचं) कोष्टक काढलं आणि त्यावर पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारली. काही बोलली नाही.

स्पर्धेला सात आठवडे आहेत. आणखी चेंडू घरी करायचेच आहेत. खऱ्यासारखे कसे करायचे?

---

लेथमास्तर (भोसरी)

ताई, आधी एक विचारतो. खरा चेंडू आणि तुमचा चेंडू शेजारी ठेवून तुम्ही काय काय मोजलं? व्यास मोजलात, रंग पाहिलात. माझा अंदाज, त्यापुढे काही मोजलं नसेल. रोबोटला चेंडू दिसतो फक्त कॅमेऱ्यापुरता. बाकी सगळा व्यवहार घासणं, दाबणं आणि उडणं यांचा.

तुमचा शूटर बहुतेक फिरत्या चाकाचा असणार. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधली जागा चेंडूच्या व्यासापेक्षा थोडी कमी ठेवतात, म्हणजे चेंडू दाबला जातो आणि चाक त्याला पकडून फेकतं. हवेचा चेंडू मऊ पीव्हीसीचा. तो दबतो जास्त आणि चिकटतोही जास्त, त्यामुळे चाकावर फारसा घसरत नाही आणि जोरात सुटतो. पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत आणि ताठ. ते चाकावर घसरतं. शिवाय वजन जास्त. त्याच आरपीएमला तो कमी पडणारच.

घरच्या घरी चार चाचण्या होतात, त्या मुलांकडूनच करून घ्या.

वजन: स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरे.

दाब: चेंडू दोन फळ्यांमध्ये ठेवून वर तांदळाचं दोन किलोचं पाकीट. किती मिलिमीटर खाली बसला ते व्हर्नियरने बघा.

उसळी: भिंतीवर खडूने दर पाच सेंटिमीटरला खुणा करा, एक मीटरवरून चेंडू सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. डोळ्यांनी बघून सांगू नका, डोळा फसतो.

घसरण: हिचं महत्त्व सगळ्यात जास्त आणि हीच कोणी करत नाही. तीन चेंडू त्रिकोणात एकमेकांना चिकटपट्टीने बांधा, म्हणजे गडगडणार नाहीत. शूटरच्या चाकावर जे रबर आहे त्याची पट्टी फळीवर लावा, वर तीन चेंडू ठेवा आणि फळी एका टोकाने हळूहळू उचला. ज्या कोनाला घसरायला लागतात त्याचा टॅन म्हणजे घर्षणांक. नववीच्या मुलांना टॅन आता शिकवत असतील किंवा पुढच्या वर्षी शिकवतील. इथे तो त्यांना कामाला येईल.

या चार आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावा. खऱ्या चेंडूची ओळ सगळ्यात वर, खाली प्रत्येक नकलेची.

---

ठाण्याची_अकरावी

काकू, आम्हीही याच खेळात आहोत. आम्ही थ्रीडी प्रिंटरवर करून पाहिले. पहिले पीएलए या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचे केले आणि दोन दिवसांत फुटले.

काका म्हणतात ते वजनाचं आम्ही नंतर मोजलं. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९० आणि पीएलएची १.२४. म्हणजे भिंतीची जाडी तीच ठेवली तर ७५ ग्रॅमचा चेंडू १०३ ग्रॅमचा होतो. वजन जुळवायला भिंत पातळ केली, तर शूटरमध्ये दाबला गेल्यावर थरांच्या रेषेवर तडा जातो. आमच्या एका चेंडूचे तुकडे गिअरमध्ये अडकले होते. पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकचाही प्रयत्न केला. ते लवकर फुटत नाही, पण घनता १.२७, म्हणजे वजनाचं दुखणं तसंच राहिलं.

मग खरंच पॉलिप्रॉपिलीनची फिलामेंट (प्रिंटरमध्ये वितळवायची प्लास्टिकची तार) आणली. ती प्रिंटरच्या काचेला चिकटतच नाही, कडा वर उचलल्या जातात. आणि आमच्याकडे जी पांढरी फिलामेंट होती तिच्यावर स्प्रे मारला तर रंग सोलून सगळा रोलरला लागला.

---

इंद्रायणीकाठ

अरे, हा माझा विषय आहे! पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाची ऊर्जा फार कमी असते. त्यामुळे गोंद, रंग, काच, काहीच त्याला नीट धरत नाही. त्याला धरतं ते दुसरं पॉलिप्रॉपिलीन. पार्सलला लावायची तपकिरी पॅकिंग टेप बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचीच असते. प्रिंटरच्या पाटावर ती टेप पसरून लावा आणि तिच्यावर प्रिंट करा. पहिला थर टेपशीच जुळेल.

रंगाचं म्हणशील तर वरून लावूच नका. रंगीत फिलामेंटच घ्या. प्लास्टिक आणि रंग यांच्यामध्ये लावायला प्रायमर मिळतो, पण शूटरमध्ये रोज शेकडो वेळा घासल्यावर तोही टिकणार नाही असं मला वाटतं. आणि कॅमेरा रंग ओळखत असेल तर स्प्रेची चकाकी त्याला वेगळा रंग दाखवते, हे आम्ही अनुभवलं आहे.

आमचे हवेचे चेंडू काल मुलांनी मोजले. वजन खऱ्याच्या निम्मंसुद्धा नाही आणि घसरणीचा कोन खऱ्याहून खूपच मोठा. लेथमास्तर, तुम्ही न बघता सांगितलंत ते तंतोतंत निघालं.

---

सारसबाग

पिकलबॉल चालणार नाही का? तोही पोकळ, भोकांचा, आता गल्लोगल्ली मिळतो.

---

ठाण्याची_अकरावी

नाही चालणार. पिकलबॉलचा व्यास ७४ मिलिमीटरच्या आसपास आणि वजन २२ ते २६ ग्रॅम. आमच्या इंटेकमधून, म्हणजे चेंडू आत ओढणाऱ्या भागातून, तो तसाच खाली पडतो.

---

गोविंदा२००८ (पुणे)

धागा वाचून राहवलं नाही. मी रोबोकॉनवाला, म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या रोबोट स्पर्धेतला. नाव असं का, तर २००८ साली आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन आपल्या पुण्यात झाली आणि तिचा विषय होता 'गोविंदा'. टांगलेल्या मडक्यातलं लोणी रोबोटनी काढायचं! दहीहंडीच्या गावात आशियाभरातून आलेली मुलं मडक्याशी झटताना पाहून माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. २०२२ ला भारत पुन्हा यजमान होता, दिल्लीत, आणि विषय 'लगोरी'. त्या वर्षी मी एका कॉलेजच्या टीमला मदत करत होतो.

रोबोकॉनमध्ये खेळाचं साहित्य बॉक्समधून येत नाही. नियमपुस्तिकेत मापं येतात आणि टीमने मैदानापासून सगळं स्वतः उभं करायचं असतं. त्यामुळे नक्कल करणं हेच आमचं अर्ध काम.

लगोरीच्या पाच चकत्या, उतरत्या व्यासाच्या. आम्ही गादीवाल्याकडून फोम आणला. फोम घेताना जाडी सांगून भागत नाही, डेन्सिटी (घनमीटरला किती किलो) सांगावी लागते, ३२ की ४०. आम्ही पहिल्यांदा विचारलंच नाही. दोन वेगळ्या दुकानांतून फोम आला, थर एकावर एक चिकटवले आणि चकती तयार. रोबोटच्या पंजाने धरली की ती एका बाजूला कलायची. चार दिवस पंजाचा प्रोग्रॅम तपासला, मोटर बदलली, बेअरिंग बदललं. शेवटी एका मुलाने चकती सुतळीने टांगून पाहिली. खालचा थर जड होता, गुरुत्वमध्य मध्यावर नव्हताच. शिवाय दोन थरांमध्ये चिकटद्रव सुकून एक कडक रेषा झाली होती आणि पंजाचं बोट नेमकं त्या रेषेवरून सटकायचं.

तेव्हापासून माझा नियम असा: नक्कल बनवली की रोबोटजवळ नेण्याआधी ती टांगून बघायची, गडगडवून बघायची. सरळ रेषेत गडगडली नाही तर जोडणीतला डिंक एकीकडे जास्त झाला आहे. तुम्ही दोन अर्धगोल प्रिंट करून जोडलेत, तर त्या चेंडूला ही चाचणी जरूर करा. वेडावाकडा गेला तर फेकल्यावर हवेतही वेडावाकडाच जाईल, आणि मुलं दोष शूटरला देतील.

---

मिशिगनकर (डेट्रॉइटजवळ)

इथे मोठ्या रोबोटांची, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनची हवा आहे. मुलाच्या हायस्कूलची टीम आहे आणि मी गेली चार वर्षं दर जानेवारीत गॅरेजमध्ये हेच करतो. माझा सल्ला: बनवायला बसण्याआधी ती वस्तू मुळात बाजारातली कोणती, ते शोधा. १९९२ च्या पहिल्या स्पर्धेत टेनिसचे चेंडूच होते. २०२२ ला साडेनऊ इंची मोठे टेनिसचे चेंडू. २०२५ ला एक तुकडा चक्क ४ इंची पीव्हीसी पाइपचा आणि दुसरा शाळेच्या मैदानावरचा रबरी बॉल. मूळ वस्तू सापडली की निम्मं काम झालं.

२०२४ चं मात्र गॅरेजमध्येच झालं. नारिंगी फोमच्या रिंगा होत्या: बाहेरून १४ इंच, आतून १० इंच, जाडी २ इंच. पोहायला शिकताना वापरतात त्या फोमच्या नळ्या घेतल्या. मधल्या वर्तुळाचा व्यास १२ इंच, म्हणून परीघ ३७.७ इंच, तेवढी नळी कापायची आणि टोकाला टोक जोडायचं. पहिल्या रिंगांना आम्ही जोडावर डक्ट टेप गुंडाळला. रोलरमधून जाताना रिंग बरोबर त्या टेपपाशी अडायची, कारण तेवढाच भाग कडक. मग नळीच्या पोटात फोमचाच दट्ट्या घातला, टोकांना गरम गोंद लावला आणि बाहेरून काहीच नाही. पुढे तीन महिने त्याच रिंगा वापरल्या.

भारतात ही नळी मिळाली नाही तर बांधकामात फटीत भरतात ती बॅकर रॉड बघा, जातकुळी तीच.

---

नळकाम (परळ)

पाइपचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्याकडे दुकानात "४ इंची पीव्हीसी पाइप" मागितला की सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा पाइप काढून देतात. अमेरिकेचा ४ इंची शेड्यूल ४० बाहेरून साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. ४.३ मिलिमीटरचा फरक हातात कळत नाही, पण रोबोटच्या पकडीत पक्का कळतो. आपल्या पाइपची भिंतही पातळ. "यूपीव्हीसी, शेड्यूल ४०" असं म्हणून मागा आणि दुकानातच व्हर्नियर लावा. दुकानदाराला राग आला तरी चालेल.

---

पंचगंगा (कोल्हापूर)

उद्यमनगरात आमचा पॅटर्नचा धंदा आहे. ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करतो, बिड थंड होताना आक्रसतं म्हणून मीटरला सुमारे १० मिलिमीटर जास्त धरतो. भाच्याच्या टीमसाठी गेल्या वर्षीच्या खेळाचे तुकडे आम्ही केले होते: दीड इंच बाय दीड इंच बाय साडेतीन इंच, लाल, निळे, पिवळे. खऱ्या तुकड्यावरून सिलिकॉनचा साचा घेतला आणि पीयू (पॉलियुरेथेन) रेझिन ओतलं. रंग रेझिनमध्येच मिसळला, त्यामुळे सोलायचा प्रश्न आला नाही. कोपऱ्यांची गोलाई खऱ्यासारखी उतरली, आणि ती महत्त्वाची. भाच्याने आधी लाकडाचे ठोकळे कापले होते. त्यांच्या कडा धारदार, म्हणून ढिगातून उचलताना एकात एक अडकायचे, खरे अडकत नसत.

पण ताई, तुमच्या चेंडूला साचा करू नका. पोकळ आणि भोकांचा तुकडा साच्यात करायचा म्हणजे आत गाभा हवा, आणि तो बाहेर कसा काढणार? तिथे प्रिंटरच बरा.

---

चेंबूरकरीण

जुन्या खेळातल्या फोमच्या रिंगा (२०२०-२१ च्या, ५ इंची, पाऊण इंच जाड) कोणाला हव्या असतील तर चपलेच्या सोलची ईव्हीए फोमची शीट घ्या. ठक्कर बाप्पा कॉलनीत कारागिरांकडे कापायचे डायसुद्धा असतात. आम्ही लॉकडाउन उठल्यावर तिथूनच करून घेतल्या होत्या. काकांनी "काय करणार पोरांनो याचं?" म्हणून विचारलं आणि रोबोटचा व्हिडिओ बघून पैसेच घेतले नाहीत.

---

सारसबाग

माझं थोडं वेगळं मत आहे. इतकी मेहनत नकलेवर घालण्यापेक्षा ती रोबोटवर घाला. सहा खरे चेंडू आहेत ना? सहावरच सराव करा. एका वेळी रोबोट तीनच धरतो.

---

लेथमास्तर

सहा चेंडूंवर नेम बसेल, पण मॅच बसणार नाही. मैदानात ३६ चेंडू असतात, कोपऱ्यात ढीग होतात, एकावर एक चढतात, चाकाखाली येतात. सहा चेंडूंनी तो ढीग कधी होतच नाही. चालवणाऱ्या मुलाला गर्दीत रोबोट वळवायचा सराव लागतो.

मी असं करीन: शूटरचं आरपीएम, कोन, अंतर हे सगळं सहा खऱ्या चेंडूंवरच ठरवा. कपाटात ठेवायला ते आणलेले नाहीत, झिजू देत. खरे चेंडूसुद्धा वापरून चेपतात, तडकतात, आणि स्पर्धेत तसलेही समोर येतील. गर्दी, इंटेक, अडकणं, गाडी चालवणं याला नकला वापरा. तिथे वजन पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झालं तरी चालतं, व्यास मात्र चुकता कामा नये. आणि कुठली वस्तू कशासाठी, ते तिच्यावर लिहिलेलं हवं. नाहीतर शेवटच्या आठवड्यात घाईघाईत कोणीतरी नकलेवर शूटर लावणार.

---

इंद्रायणीकाठ

महिनाभराने लिहिते आहे, उशीर झाला.

ठाण्याच्या मुलाने फाइल पाठवली, तीत दोन अर्धगोल आणि कडेला खाच. पॅकिंग टेपवर प्रिंट उत्तम बसलं, फक्त काढताना टेपही निघते, दर वेळी नवी लावावी लागते. दोन अर्ध चिकटवायला गोंद नाहीच, म्हणून मुलांनी सोल्डरिंग आयर्नने फिलामेंटचीच कांडी वितळवून शिवण घातली. पहिल्या तीन शिवणी ओबडधोबड, पुढे हात बसला. खिडक्या उघड्या ठेवून, एका वेळी दोघांनीच, असा नियम केला होता.

बारा झाले. त्यांतले नऊ वजनात खऱ्याच्या चार ग्रॅमच्या आत आहेत, दाब आणि उसळीही जवळ. दोन जड झाले. एक गडगडताना डावीकडे जातो, गोविंदा२००८, तुमची चाचणी नसती तर तो तसाच शूटरमध्ये गेला असता. घसरणीचा कोन खऱ्याहून थोडा जास्तच आहे, प्रिंटच्या थरांची खरखर जात नाही. म्हणून लेथमास्तरांचं ऐकलं, शूटर फक्त खऱ्यांवर.

खूण कशी करायची यावर अर्धा तास चर्चा झाली, कारण पॉलिप्रॉपिलीनवर मार्कर टिकत नाही. माझ्या मुलीने सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने चेंडूवर ठिपके डागले. एक ठिपका म्हणजे गर्दीसाठी, दोन म्हणजे इंटेकसाठीही चालेल. तीन कोणालाच नाहीत. हवेचे जुने चेंडूही टाकले नाहीत, कॅमेऱ्याच्या तपासणीला ठेवले.

वहीत नवं कोष्टक सुरू झालं आहे. पहिल्या रकान्यात आता प्रत्येक चेंडूचा क्रमांक असतो.

एक विनंती: पिंपरी-चिंचवड, पुणे, ठाणे इथल्या टीमा आपापले खरे चेंडू घेऊन एका रविवारी एकत्र आल्या तर पूर्ण ३६ जमतील का? आमच्याकडे मैदान आहे.

---

ठाण्याची_अकरावी

काकू, आम्ही येतो. सकाळच्या गाडीने चिंचवडला उतरू. आमच्याकडे आठ खरे आहेत, पाच जांभळे, तीन हिरवे. काटापण आणतो, आमचा आणि तुमचा एकच वजन दाखवतात का ते आधी बघू.

---

लेथमास्तर

मी भोसरीहून येतो. तिरक्या फळीला कोनमापक बसवून आणतो. दोन खरे चेंडू एका ओळखीच्या टीमकडून मिळतील. सहा, आठ आणि दोन मिळून सोळा झाले. वीस अजून हवेत, कोणाकडे आहेत त्यांनी खाली लिहा.